दांडग्या अणूची कुळकथा

लोणार सरोवराकाठचा खार चिमूटभर घेऊन गॅसच्या निळ्या ज्योतीत टाकला, तर ज्योत पिवळीधमक होते. (खार आणायला कुणी मुद्दाम लोणारला जाऊ नये, तिथे अभयारण्य आहे, स्वयंपाकघरातलं मीठही हेच करतं.) आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला हा खार जुना नावाजलेला. ‘आईन-ए-अकबरी’त मेहकर सरकाराच्या नोंदीत लोणारचं नाव येतं, ते काच आणि साबण करायला लागणाऱ्या मालासाठी. त्या खारातलं मूलद्रव्य सोडियम, आणि सोडियमची पिवळी खूण कुठेही गेलात तरी तीच: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोन जोडरेघा.

हा पिवळा रंग येतो कुठून? सोडियमच्या अणूतला सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ज्योतीच्या धगीने एक पायरी वर चढतो, लगेच खाली उतरतो आणि उतरताना प्रकाश टाकतो. हे नेहमीचंच. पण त्याला एका पायरीऐवजी तीस, पन्नास, शंभर पायऱ्या चढवलं तर? पार सुटून जाईल इतकं नाही, सुटायच्या अगदी बेतात आणून ठेवलं तर? असा अणू फुगत जातो. पायरीचा आकडा दुप्पट झाला की अणूची रुंदी चौपट होते. हायड्रोजनचा साधा अणू एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. शंभराव्या पायरीवरचा हायड्रोजन एक मायक्रोमीटर, म्हणजे एखाद्या जिवाणूएवढा रुंद होतो. याला रिडबर्ग अणू म्हणतात.

आकाराने दांडगा, पण प्रकृतीने फार नाजूक. सेंटिमीटरला तीन-चार व्होल्टचं विद्युतक्षेत्र लावलं, तरी शंभराव्या पायरीवरचा इलेक्ट्रॉन सुटून जातो. घड्याळाचे दोन-तीन सेल त्याला पुरतात. शिवाराच्या पार टोकाच्या बांधावर रात्री जागलीला फिरणारा माणूस असतो ना, तशी या इलेक्ट्रॉनची गत आहे. घरचा दिवा लांब कुठेतरी मिणमिणतोय, त्याची ओढ आहे, पण क्षीण. बांधावर कोण भेटतं, रोही येतो की शेजारचा जागल्या येतो, यावर त्याची रात्र कशी जाईल ते ठरतं. रिडबर्ग अणूचा इतिहास त्यामुळे निम्मा त्याच्या शेजाऱ्यांचा इतिहास आहे. शेजारी म्हणजे आजूबाजूचे अणू आणि रेणू. पाठ्यपुस्तकांत या अणूची ओळख एका सूत्राने होते आणि सूत्रावरच संपते. शेजारी कुणी सांगत नाही. या कुळकथेत ते सांगायचे आहेत, आणि त्यातली एक महत्त्वाची मुक्कामाची जागा आपल्या वऱ्हाडात आहे, तीही सांगायची आहे.

मूळपुरुष कोण, यावर दोन नावं पुढे येतात. पहिलं योहान बामर. स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे मास्तर. साठीला टेकेपर्यंत भौतिकशास्त्रात त्यांचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. हायड्रोजनच्या चार दृश्य रेघा तेव्हा माहीत होत्या: तांबडी ६५६, हिरवट निळी ४८६, मग ४३४ आणि ४१० नॅनोमीटर. १८८५ साली बामर मास्तरांनी दाखवलं की ३६४.६ ही एक संख्या हाताशी धरली, तर चारही रेघा एका साध्या अपूर्णांकाच्या सूत्रातून निघतात. सूत्र पुढेही चालतं. पाचवी रेघ, सहावी, सातवी, एकमेकींच्या जवळ जवळ सरकत ३६४.६ नॅनोमीटरच्या उंबरठ्याशी गोळा होतात. इंग्लंडच्या विल्यम हगिन्स यांनी ताऱ्यांच्या प्रकाशात यातल्या काही अतिनील रेघा आधीच टिपल्या होत्या आणि त्या सूत्रात चपखल बसल्या.

दुसरं नाव योहानेस रिडबर्ग यांचं, स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले. त्यांना हायड्रोजनपुरतं नको होतं. लिथियम, सोडियम, पोटॅशियम अशा धातूंच्या रेघांच्या याद्या घेऊन ते बसले आणि तरंगलांबीऐवजी तिचा व्यस्तांक, म्हणजे एका सेंटिमीटरात किती तरंग मावतात तो आकडा, त्यांनी मांडला. मग दिसलं की मूलद्रव्य कुठलंही असो, प्रत्येक मालिकेत एक स्थिरांक तोच येतो. त्यांनी काढलेला आकडा होता १०९,७२१.६, आज आपण १०९,७३७ च्या आसपास मानतो. बामर यांचं सूत्र हातात पडलं तेव्हा रिडबर्ग यांच्या ध्यानात आलं की हे आपल्याच सर्वसाधारण सूत्राचं एक सोपं रूप आहे. १८९० साली त्यांचा मोठा निबंध छापला गेला. गंमत अशी की, त्यांना हवी होती मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीची किल्ली. रेघा हे त्यांचं साधन होतं. किल्ली त्यांच्या हाती लागली नाही, पण नाव मात्र साधनामुळे राहिलं.

सूत्राला अंत नव्हता. विसावी रेघ, तिसावी, शंभरावी, कागदावर हव्या तेवढ्या काढा. प्रयोगशाळेत मात्र नळीत हायड्रोजन भरून वीज सोडली की डझनभर रेघांच्या पुढे काही दिसेना. उरलेल्या रेघा पाहायला माणसं आकाशाकडे वळली.

इथे गोष्ट वऱ्हाडात येते. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. शनिवार होता, तिथी पौष अमावस्या. म्हणजे शनी अमावस्या आणि वर खग्रास ग्रहण. पंचांग मानणाऱ्या घरांत त्या दिवशी काय काय पथ्यं पाळली गेली असतील, याची कल्पना करावी. पुण्या-मुंबईत प्लेगने कहर केला होता; प्लेग अधिकारी रँडचा खून होऊन वर्षही उलटलं नव्हतं. ग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावर चढून सोलापूरच्या अंगाने वऱ्हाड-नागपूरकडे आणि पुढे बिहारातल्या बक्सरकडे गेला. त्या पट्ट्यावर जगातले खगोलशास्त्रज्ञ डेरे टाकून बसले. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर, सोबत ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमीनी’ जहाजावरचे खलाशी. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नेगमवाला आणि तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल. आणि भुसावळ–नागपूर लोहमार्गावर, धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधल्या तळणी या छोट्या स्टेशनाजवळ ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची हौशी मंडळी.

तळणी नावाची गावं आपल्याकडे एकाहून जास्त आहेत, म्हणून स्टेशन सांगितलं. मुंबईहून तिथे जाणारी गाडी आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगाववरूनच जाते. हा मार्ग नागपूरपर्यंत १८६७ साली सुरू झाला होता, आणि ग्रहणाच्या त्या वर्षी शेगावात गजानन महाराज हयात होते. आमचा बुलढाणा जिल्हा पट्ट्याच्या थोडा उत्तरेला राहिला. तेव्हा नशिबाने आपल्याला टाळलं म्हणायचं, की लोहमार्ग दिला म्हणून मान राखला म्हणायचं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

तळणीच्या तळावर ॲनी माँडर होत्या. लग्न झालं म्हणून ग्रीनिच वेधशाळेतली नोकरी सोडावी लागलेली गणिती बाई. स्वतःच्या छोट्या भिंगाच्या कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा जो किरण टिपला, तो सूर्यापासून सुमारे एक कोटी किलोमीटर लांब पसरला होता; तोवर इतका लांब किरण कुणाच्या काचेवर आला नव्हता. त्यांच्या शेजारच्या कॅमेऱ्यामागे होते जॉन एव्हरशेड. पोटापाण्याला कारखान्यातलं रसायनांचं काम, आणि हौस सूर्याची.

एव्हरशेड यांचं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. साध्या वर्णपटमापकाला एक बारीक फट असते आणि त्या फटीमुळे प्रत्येक रंग सरळ रेघ होऊन दिसतो. यांच्या कॅमेऱ्यात फट नव्हती. भिंगापुढे लोलक, बस. चंद्राने सूर्याचं बिंब पूर्ण झाकलं की क्षणभर सूर्याच्या कडेवरचा पातळ वायुथर तेवढा उघडा राहतो, चंद्रकोरीसारखा. ही कोरच फटीचं काम करते. मग काचेवर रेघांऐवजी कोरींची रांग उमटते, हायड्रोजनच्या प्रत्येक रंगाची एक कोर, आणि अतिनीलकडे जाता जाता त्या एकमेकींना खेटत जातात. सारा खेळ काही सेकंदांचा. खग्रास अवस्था मिळून सुमारे दोन मिनिटं. त्या क्षणाला ‘फ्लॅश’ म्हणतात, आणि कोरींच्या या पटाला फ्लॅश वर्णपट.

तळणीच्या काचांवर एव्हरशेड यांना दाटत गेलेल्या कोरी तर मिळाल्याच, पण ३६४.६ नॅनोमीटरचा उंबरठा ओलांडल्यावरही काच कोरी नव्हती. तिथे रेघा नाहीत, तुटक कोरी नाहीत, एक सलग फिकट उजेड अतिनीलात पुढे पसरलेला. याचा अर्थ लागायला अजून पंधरा वर्षं जायची होती. आज आपण सांगू शकतो: उंबरठ्याच्या अलीकडे गर्दी करणाऱ्या कोरी म्हणजे अणूला कसेबसे चिकटलेले इलेक्ट्रॉन, आपले रिडबर्ग अणू, आणि पलीकडचा सलग उजेड म्हणजे मोकाट सुटलेले इलेक्ट्रॉन पुन्हा हायड्रोजनच्या पदरी येताना टाकतात तो प्रकाश. बांधलेल्या आणि सुटलेल्या इलेक्ट्रॉनांची सीमा सूर्याच्या कडेवर ज्या फोटोत अशी सलग दिसली, तो फोटो वऱ्हाडात काढला गेला. बाझलचे बामर मास्तर त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मार्च १८९८ ला वारले. एव्हरशेड पुढे नोकरीला भारतातच आले, कोडाईकॅनालच्या वेधशाळेचे संचालक झाले आणि सूर्यडागांमधल्या वायूच्या हालचालीला त्यांचं नाव मिळालं. त्यांच्या चरित्रांत कोडाईकॅनालला जेवढी जागा मिळते तेवढी तळणीला मिळत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

पंधरा वर्षांनी, १९१३ साली नील्स बोर यांनी अणूची आपली रचना मांडली. पायऱ्या, कक्षा, उड्या हे सगळं आपण बारावीला शिकतो. पण त्याच निबंधात एक परिच्छेद आहे, जो शिकवला जात नाही. बोर विचारतात: नळीत हायड्रोजनच्या बाराच रेघा दिसतात आणि काही आकाशस्थ ज्योतींमध्ये तेहतीस, हे कसं? उत्तर असं की कक्षा फुगत जाते. बाराव्या पायरीवर अणूची रुंदी सेंटिमीटरच्या साधारण सोळा कोटीअंश होते, आणि पाऱ्याच्या सात मिलिमीटर दाबाखालच्या वायूत रेणूंमधलं अंतर तेवढंच असतं. तेहतिसाव्या पायरीला जागा हवी असेल, तर दाब पाऱ्याच्या दोन शतांश मिलिमीटरपर्यंत उतरायला हवा. नळीत शेजारी खेटून उभे असतात, फुगायला जागा नाही. सूर्याच्या कडेवर आणि तेजोमेघांत आहे.

दांडग्या अणूचा आणि रेणूंचा संबंध पहिल्यांदा नोंदला गेला तो असा, अडचण म्हणून. बोर यांचं उत्तर मात्र अर्धंच खरं ठरलं. अमेरिकेत रॉबर्ट वुड यांनी १९२० च्या सुमारास लांबलचक नळ्या वापरून विसेक रेघा मिळवल्या. म्हणजे नळीतही जरा सोय केली की अणू फुगतो. सूर्याच्या बाबतीत तर शेजारी साधे नव्हतेच, विद्युतभारित होते, आणि त्यांचा ओढा फार लांबून लागतो. १९३९ साली इंग्लिस आणि टेलर यांनी हिशेब उलटा करून दाखवला: मालिकेतली शेवटची वेगळी ओळखू येणारी रेघ कितवी आहे तेवढं मोजा, त्या वायूत भारित कणांची दाटी किती ते निघतं. अडचणीचं माप झालं. ग्रहणाच्या काचांवरच्या कोरी मोजून सूर्याच्या वातावरणाची घनता सांगता येऊ लागली.

पण भार नसलेले, साधे शेजारी? ते खरंच इलेक्ट्रॉनला फिरू देत नाहीत का? याचा निकाल १९३४ साली रोममध्ये लागला, आणि माझ्या मते या कुळातला सगळ्यात मजेदार प्रसंग हाच. एदोआर्दो अमाल्दी आणि एमिलियो सेग्रे या दोन तरुणांनी सोडियम-पोटॅशियमची वाफ घेतली (लोणारच्या खारातलं तेच सोडियम), तिच्यात परका वायू साधारण हवेच्या दाबाने कोंबला आणि मालिकेतल्या वरच्या रेघा पाहिल्या. तिसाव्या पायरीवरच्या इलेक्ट्रॉनच्या घेरात अशा वेळी परक्या वायूचे दहा हजारांवर कण येतात. बोर यांचा तर्क धरला तर रेघा पार पुसल्या जायला हव्यात. त्या स्वच्छ दिसल्या! फक्त जागेवरून सरकलेल्या. तेही एका दिशेला नाही: हेलियम कोंबला तर जांभळ्याकडे, आरगॉन कोंबला तर तांबड्याकडे.

एन्रिको फर्मी त्याच इमारतीत होते. त्यांनी सांगितलं, इलेक्ट्रॉन इतका संथ आणि पसरट झालेला आहे की समोरचा कण त्याला केवढा मोठा, कसला, आतून कसा, काही कळत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक कण म्हणजे एक ठिपका, थोडा ढकलणारा किंवा थोडा ओढणारा. हेलियम ढकलतो, आरगॉन ओढतो. सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे रेघेचं सरकणं. या एका ठिपक्याच्या युक्तीने फर्मी यांनी दोन वर्षांनी न्यूट्रॉनांचेही हिशेब सोडवले, आणि आज अतिथंड वायूंचं सगळं गणित त्याच युक्तीवर चालतं. तिचा जन्म मात्र दांडग्या अणूच्या घेरात शिरलेल्या शेजाऱ्यांमुळे झाला.

त्यानंतर हे कूळ बराच काळ आकाशातच नांदलं. १९५९ साली सोव्हिएत रशियात निकोलाय कार्दाशेव यांनी सुचवलं की तेजोमेघांतले दांडगे अणू एकेक पायरी उतरताना रेडिओ लहरी टाकत असणार. १९६०च्या दशकाच्या मध्याला त्या सापडल्या. १९८० साली खारकीव्हजवळच्या दुर्बिणीवर २६ मेगाहर्ट्झला एक रेघ मिळाली. आधी ती नायट्रोजनची वाटली. निघाली कार्बनची, सहाशे एकतिसाव्या पायरीवरच्या. चाळीस मायक्रोमीटरहून रुंद अणू! बारीक केसाएवढा. कर्नाटकातल्या गौरीबिदनूरच्या ३४.५ मेगाहर्ट्झच्या दुर्बिणीवरून के. आर. अनंतरामय्या आणि त्यांचे सहकारी याच रेघांमागे लागले. निमिषा कांथारिया त्यांच्यासोबत होत्या. पुढे त्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करू लागल्या. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या ‘कॅसिओपिया ए’ या ताऱ्याच्या स्फोटावशेषाच्या दिशेने येणाऱ्या कार्बनच्या रेघांवर त्यांचा १९९८ चा निबंध आहे: कमी वारंवारतेला या रेघा काळ्या, म्हणजे शोषणाच्या, सुमारे १५० मेगाहर्ट्झच्या वर त्याच उजळ होतात. हा पालट कुठे होतो यावरून मधल्या ढगाचं तापमान आणि शेजाऱ्यांची दाटी निघते. पुन्हा शेजारीच.

प्रयोगशाळेत हे अणू मनासारखे घडवता आले ते १९७०च्या दशकात, रंग बदलता येणारे लेसर हाती आल्यावर. ‘रिडबर्ग अणू’ हे नाव रुळलं तेही तेव्हाच. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात स्टेबिंग्ज आणि डनिंग यांनी झेनॉनचे दांडगे अणू तयार करून त्यांच्या वाटेत वेगवेगळे रेणू सोडले. सल्फर हेक्झाफ्लोराइड सोडला तर तो इलेक्ट्रॉन सरळ हिसकावून घेतो. हा वायू आपल्या ओळखीचा आहे: विजेच्या मोठ्या उपकेंद्रांत सर्किट ब्रेकरमध्ये तोच भरतात, आणि भरतात ते याच खोडीसाठी. ब्रेकर उघडताना ठिणगीतले मोकाट इलेक्ट्रॉन तो गिळतो आणि ठिणगी विझते.

अमोनियाची तऱ्हा निराळी. तो काही हिसकावत नाही, देतो. अमोनियाचा रेणू गरगर फिरत असतो, पण ते फिरणं ठरावीक टप्प्यांचं. एक टप्पा मंदावला की सुटलेली ऊर्जा तो इलेक्ट्रॉनला देऊन टाकतो आणि इलेक्ट्रॉन वरच्या एका नेमक्या पायरीवर जातो. १९७८ साली राइसच्या मंडळींनी दाखवलं की ही देणगी मोघम नसते; रेणूच्या फिरण्याचे टप्पे इलेक्ट्रॉनच्या नव्या पायऱ्यांवर जसेच्या तसे वाचता येतात. म्हणजे शेजाऱ्याच्या घरातलं काय चाललंय ते जागल्याच्या चालीवरून कळू लागलं.

मग फर्मी यांच्या ओढणाऱ्या ठिपक्याने आणखी एक करामत केली. ओढ आहे तर बांधही होऊ शकेल ना? दांडग्या अणूच्या घेरात दुसरा साधा अणू अडकून दोघांचा मिळून एक रेणू व्हावा, असं ग्रीन, डिकिन्सन आणि सादेघपूर यांनी २०००मध्ये मांडलं. त्यांच्या गणितातल्या इलेक्ट्रॉनच्या ढगाची आकृती ट्रायलोबाइट या जुन्या समुद्री किड्याच्या जीवाश्मासारखी दिसली, म्हणून तेच नाव पडलं. २००९ साली स्टुटगार्टमध्ये टिलमन फाउ यांच्या गटाने केल्व्हिनच्या काही दशलक्षांशापर्यंत गार केलेल्या रुबिडियमच्या वायूत या घराण्यातले पहिले रेणू पकडले. दोन अणूंमधलं अंतर शंभर नॅनोमीटरच्या आसपास. साध्या रेणूच्या शेकडो पट. ज्यामुळे १९३४ साली रेघ सरकत होती, त्याच कारणाने आता रेणू बांधला गेला.

झुरिकला फ्रेडरिक मेर्क्ट यांनी याच इलेक्ट्रॉनला नुसता राखणदार केला. आयन आणि रेणू यांची प्रक्रिया अतिथंड अवस्थेत पाहणं फार अवघड, कारण जरासं भटकं विद्युतक्षेत्रही आयनाला पळवतं. लांबवर फिरणारा रिडबर्ग इलेक्ट्रॉन आयनाला बाहेरच्या जगापासून झाकतो आणि प्रक्रियेत हात घालत नाही. हायड्रोजनच्या रेणूचा आयन आणि हायड्रोजनचा दुसरा रेणू मिळून तीन हायड्रोजनांचा आयन होतो, आणि आंतरतारकीय ढगांतलं बरंचसं रसायन तिथून सुरू होतं. ही प्रक्रिया या आडोशाला पाहता आली. २०२३ साली डरहॅमच्या सायमन कॉर्निश यांच्या गटाने लेसरच्या चिमट्यांत एक रुबिडियमचा अणू आणि एक रुबिडियम-सिझियमचा रेणू धरून, मायक्रोमीटरच्या आत आणून ठेवले आणि दाखवलं की शेजारी रेणू असेल तर अणू फुगतच नाही. बोर यांच्या परिच्छेदातली अडचण एका अणूवर आणि एका रेणूवर येऊन ठेपली, आणि आता ती बटणासारखी वापरायची आहे.

या शेवटच्या पिढीत आपली माणसंही आहेत. साध्या खोलीच्या तापमानाला, काचेच्या कुपीतल्या रुबिडियमच्या वाफेत दोन लेसर सोडून रिडबर्ग अवस्था नुसत्या प्रकाशाने ओळखायची रीत २००७ साली डरहॅममध्ये निघाली. त्या निबंधाचे पहिले लेखक अशोक महापात्र यांनी पीएचडी केली ती मुंबईच्या टीआयएफआरमध्ये. पुढे ते भुवनेश्वरच्या नायसरला गेले. विद्युतक्षेत्र मोजणारे आजचे रिडबर्ग संवेदक याच रितीवर उभे आहेत. पुण्याच्या आयसरमध्ये रेजिश नाथ या अणूंच्या आपसातल्या ओढाताणीचं सैद्धांतिक काम करतात. एप्रिल २०२३मध्ये केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यातलं संवेदनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आलं. पैसा आला की माणसं लागतात. मलकापूर-खामगावच्या मुलामुलींना इंजिनिअरिंगपलीकडे वाटा आहेत हे सांगायला हे एक कारण पुरे आहे.

आणि ज्यांना एवढ्या लांबचं नको, त्यांनी दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला जावं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण त्या सुमाराला लोकांसाठी खुली असते, शाळकरी मुलांचे प्रयोग मांडलेले असतात, शास्त्रज्ञ उत्तरं द्यायला उभे असतात. बहुतेक लोक तबकडीबरोबर फोटो काढून परततात. तुम्ही जरा थांबा आणि विचारा, ३२७ मेगाहर्ट्झच्या आसपास हायड्रोजनची दोनशे बहात्तरावी पायरी ऐकू येते का. समोरचा माणूस खुशीने अर्धा तास बोलेल.